लॉनमध्ये डाग पडले, मुळाशी निघाली हुमणी

ऑगस्टअखेर, पाऊस चालू असतानाच, कोल्हापुरातल्या आमच्या घरापुढच्या हरळीच्या लॉनवर पिवळे डाग पडायला लागले. बघता बघता ते हातभर झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या युरिया टाक, नर्सरीवाल्याने बुरशीनाशकाचं पाकीट दिलं. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. साळुंक्या नेमक्या त्या डागांवरच येऊन टोचत होत्या.

मामांचा ऊस आहे. फोनवर ऐकताच म्हणाले, "अगं, गवत मुठीत धरून वर ओढून बघ." ओढलं, तर सतरंजी गुंडाळावी तसं सगळं उचलून आलं. खाली मुळंच नव्हती. मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या, मळकट पांढऱ्या जाड अळ्या. हुमणी! उसाची मुळं खाते तीच.

मेलेलं गवत खुरप्याने काढलं, आणि डागाच्या कडेचं हिरवं गवतही थोडं काढलं. अळ्या ताज्या मुळांकडे सरकलेल्या असतात, त्यामुळे कडेलाच जास्त सापडतात. वीतभर खोल माती हाताने चाळून अळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. मग चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम मिसळून ओल्या मातीत घातलं. या बुरशीने अळीला रोग होतो, ती हिरवट पडून मरते. बुरशीनाशक मारलं तर ही बुरशीच मरेल, म्हणून ते पाकीट परत केलं. शेणखत कच्चं अजिबात नको, हुमणी त्यातूनही येते.

माती-वाळू भरून जागा सपाट केली. लॉनचे विकतचे तुकडे आणले नाहीत, त्यांचा रंग वेगळा दिसतो. आपल्याच हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या चार-चार बोटांवर, एक पेर मातीत जाईल अशा टोचल्या. उघडीप असली की झारीने पाणी. दिवाळीपर्यंत डाग भरून आले.

पण खरं काम पुढच्या वळवाचं. हुमणीची वर्षाला एकच पिढी असते, आणि पहिल्या पावसानंतर भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. आमच्या कुंपणालगत कडुलिंब आहे. अंधार पडल्यावर खाली चादर अंथरून फांद्या हलवल्या, तर भुंगेरे टपाटप पडले. तेही साबणाच्या पाण्यात. अंडी घालण्याआधीच ते सापडले, त्यामुळे त्या पावसाळ्यात फाटकाजवळ एकच छोटा डाग उठला. यंदा वळीव पडला की गल्लीतल्या बाकी कडुलिंबांखालीही हेच करायचं ठरलंय.