परत बाप्तिस्मा का घेतला? तुम्ही विचारलंत म्हणून

नातेवाईक लग्नात विचारतात, मयतीला विचारतात, नाताळला नगरला गेलं की करंज्या खाता खाता विचारतात. "लहानपणी झाला होता ना गं तुझा बाप्तिस्मा, मग परत कशाला?" एकाच फ्लॅटची दोनदा रजिस्ट्री केल्यासारखं बघतात माझ्याकडे. दरवेळी मी अर्धंच उत्तर देते, कारण तेवढ्यात कोणीतरी जेवायला बसा म्हणतं. तर आता एकदाच पूर्ण लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी किरकोळ प्रश्न संपवते. मला कोणी फूस लावली नाही, पैसे मिळाले नाहीत, नवऱ्यासाठीही नाही, तो तेव्हा भेटलाच नव्हता. नोकरीला पुण्यात आले, रविवारी उपासनेला कुठेतरी जायचं म्हणून खोलीपासून चालत जाता येईल अशा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायला लागले आणि ती बाप्टिस्ट निघाली, बस.

क्रूस, पुनरुत्थान, शास्त्र यात आमचं तुमचं काही वेगळं नाही, ते परत सांगत बसत नाही. वेगळं आहे ते एवढंच की आमच्यात विश्वास आधी आणि पाणी नंतर. बाळाला विश्वास ठेवता येत नाही म्हणून बाळाला बाप्तिस्मा नाही. आईबाप त्याला पुढे आणतात, पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रार्थना करतात, त्याला समर्पण म्हणतात. मोठं झाल्यावर स्वतः मागायचं, सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची आणि मग पूर्ण पाण्याखाली. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं आणि उठायचं लिहिलंय, ते कपाळावर शिंपडून कसं दिसणार, असं आमचं म्हणणं. पाण्याने तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही हेही आमचंच म्हणणं, आणि आत्या नेमकं तिथेच पकडते, "होत नाही ना, मग एवढा हट्ट कशाला?" माझं उत्तर, आज्ञा आहे म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण देताना संडे स्कूलमधल्यासारखं वाटतं. मग आत्या बायबलमधल्या फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्यावर येते, त्याच्या अख्ख्या घराचा बाप्तिस्मा झाला, घरात बाळ नसेल कशावरून? मी म्हणते होतं कशावरून? इथे आमचं दोघींचं शास्त्र संपतं.

आणि "आपल्या घराण्यात असलं कधी झालं नाही" हे तर कृपा करून म्हणू नका. अमेरिकन मिशनचे म्हणून मिरवतो ना आपण? फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेत सेलमला ज्या पाच मिशनऱ्यांना दीक्षा देऊन हिंदुस्थानात पाठवलं, त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढे मुंबईला आले आणि आपलं मराठी मिशन सुरू झालं. त्याच पाचातला अडोनिराम जडसन. वाटेत जहाजावर बसून त्याने बाप्तिस्म्याचा अभ्यास केला, कारण बंगालमध्ये मिशनरी विल्यम केरीच्या बाप्टिस्ट लोकांशी वाद घालावा लागेल अशी धास्ती होती, आणि वाद घालायच्या आधीच हा हरला. बायको अ‍ॅन म्हणत होती तू हो बाप्टिस्ट, मी नाही होणार. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला दोघंही पाण्यात उतरले. ज्या मिशन बोर्डाने पाठवलं त्यालाच राजीनामा. आणखी थोड्या दिवसांनी पाचातला ल्यूथर राइसही तिकडेच गेला. म्हणजे आपल्या घराण्यात पहिल्याच वर्षी झालंय हे.

१९७० ला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा उत्तरेकडच्या बाप्टिस्ट मंडळ्या पण आत आल्या, म्हणून तिथे दोन्ही पद्धती चालतात. फक्त एकाच माणसावर दोन्ही नाही. माझी अडचण नेमकी ती. मी चार महिन्यांची असताना आबांनी माझा बाप्तिस्मा केला होता.

आबा म्हणजे माझे आजोबा, रिटायर्ड पाळक. माझ्या डोक्यावर पाणी त्यांच्याच हाताने पडलं.

माझा बुडून बाप्तिस्मा झाल्यानंतर ते पुण्याला आले होते, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. रविवारी म्हणाले, चल, तुझी मंडळी बघू. मी खुश. महिन्याचा पहिला रविवार आहे, म्हणजे प्रभुभोजन आहे (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात ते), हे मला माहीत होतं, पण त्याचं काय होईल हे डोक्यातच आलं नाही, खरंच नाही आलं. उपदेश झाला, मग भाकरीची ताटं उचलण्याआधी नेहमीची सूचना झाली की ज्यांनी विश्वास ठेवून बुडून बाप्तिस्मा घेतलाय त्यांनीच घ्यावं, इतरांनी प्रार्थनेत बसावं. ही सूचना मी कितीतरी वेळा ऐकली होती, आबांच्या शेजारी बसून पहिल्यांदा ऐकली. ताट आमच्या रांगेत आलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात नगरकडच्या खेड्याखेड्यांत सायकलवर जाऊन लोकांना ही भाकर दिली, त्याने ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि काही न घेता माझ्याकडे दिलं. चेहऱ्यावर काही नाही. मी घेतली. खाल्ली. द्राक्षरसाचा पेला पण घेतला.

"तू पण ताट का नाही ठेवलंस खाली?" हे बहिणीने मला नंतर विचारलं. कारण मी सभासद होते, ते मेज, म्हणजे प्रभुभोजन, माझं होतं आणि आबांकडे बघून प्रभूला नाही म्हणायचं हे मला तेव्हाही पटलं नसतं, आजही पटत नाही. पण घशातून उतरत नव्हती हेही तेवढंच खरं.

रिक्षात आबा म्हणाले उपदेश चांगला होता, थोडा लांबला. रात्री डोळ्यात थेंब घालताना विचारलं, "मग मी केला तो काय होता गं?"

मी म्हटलं, "आबा, ते समर्पण होतं असं समजा."

"समर्पण मी केलं नव्हतं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा केला. रजिस्टरला नोंद आहे." मग म्हणाले, "दुसऱ्या डोळ्यात दोन थेंब घाल." त्यानंतर आजतागायत त्यांनी विषय काढलेला नाही. बाकी सगळे विचारतात.

बाप्तिस्मा घेतला तेव्हाची मी ठासून सांगायचे की लहानपणीचा बाप्तिस्मा नव्हताच, नुसतं डोकं ओलं केलं होतं. आता तसं बोलवत नाही. पण मग काय म्हणू? तो खरा होता म्हटलं तर मी दुसरा घ्यायला नको होता, आणि खोटा होता म्हटलं तर आबांची सगळी रजिस्टरं खोटी. मधलं काही सापडत नाही. तरी त्या दिवशी हौदात उतरून स्वतःच्या तोंडाने 'हो, माझा विश्वास आहे' म्हणाले ते मला हवंच होतं, दृढीकरणाला, म्हणजे मोठं झाल्यावर लहानपणीचा बाप्तिस्मा पक्का करतात तेव्हा, आम्ही सगळी पोरं एका सुरात पाठ केलेलं म्हणालो होतो. आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा उतरेन.

आमच्यात बिशप नाही, वरून हुकूम येत नाही, प्रत्येक मंडळी आपलं आपण ठरवते. पाळक नेमायचा असो की गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सभासदांची सभा आणि हात वर. मी विषय मांडला, मेज सगळ्या विश्वासणाऱ्यांना खुलं करावं. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बारा वर्षं तुरुंगात काढलेल्या इंग्लंडच्या उपदेशक जॉन बन्यनने १६७३ मध्येच लिहिलं होतं की पाण्याबद्दलच्या मतभेदावरून भाकर अडवू नये, आणि जगात कितीतरी बाप्टिस्ट मंडळ्यांचं मेज खुलं आहे. सभेत चांगली दोन तास चर्चा झाली. ठराव पडला, तोही थोडक्यात नाही. ज्या काकांनी सगळ्यात जोरात विरोध केला ते नंतर चहा घेऊन आले, म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस." चीड आली, पण नगरला असते तर मला उभं राहून असं विचारायला कोणी दिलं असतं का? आत्या म्हणते दिलं असतं. बघा म्हणजे.

सोडून का नाही देत, हा पुढचा प्रश्न. कारण इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या बाप्टिस्टांपैकी टॉमस हेल्विसने १६१२ मध्ये राजा जेम्सला लिहून कळवलं की देव आणि माणूस यांच्यामध्ये राजाने पडू नये, ख्रिस्ती असो, तुर्क असो, यहुदी असो, आणि त्यापायी तो तुरुंगात मेला. हे लोक माझे आहेत, सूचनेसकट.

आता मुलगा झालाय. समर्पणाला आबा आले होते, प्रार्थना त्यांनीच केली, त्यासाठी मतदान लागलं नाही. आत्याचं म्हणणं, सुट्टीत नगरला आण, गुपचूप पाणी घालून घेऊ, तुझ्या मंडळीला कळणार पण नाही. मी म्हटलं तो मागेल तेव्हा. "आणि नाहीच मागितलं तर?" तर नाही. हे बोलताना माझ्या पोटात गोळा येतो, ते आत्याला सांगितलेलं नाही, आता वाचेल. नवरा मेथडिस्ट घरातला, त्याच्याकडे पण बाळांचा बाप्तिस्मा करतात. त्याने अजून मत दिलेलं नाही.