तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नाशीनंतरचं वाचन

"पन्नाशी उलटल्यावर वाचनाचं हे वेड कुठून लागलं?" ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच. ते लागलं बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रामुळे.

कोसंबी सांकवाळचे, जन्म 1876चा. वास्कोला नोकरीवर जाताना माझी बस रोज सांकवाळवरून जाते. एरवी पुस्तकांतली माणसं पुण्या-मुंबईकडची असायची, आणि इथे तर आमच्याच गोव्यातली नारळाची बागायत, घरची ओढाताण, शिकायची सोय नाही म्हणून तळमळणारा तरुण! 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाची हकिकत वाचली आणि तिने त्यांची पाठ सोडली नाही. 1899 साली घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत सिलोन गाठलं, बौद्ध ग्रंथांची पाली भाषा शिकले. एका मासिकातल्या मजकुराचं केवढं हे बळ!

पण मागे बायको बाळाबाई होती, तान्ही मुलगी होती. त्या पानांवर मी फार रेंगाळले. त्यांचं तसं जाणं मला अजून पटलेलं नाही, तरी त्यांची तळमळ खोटी वाटत नाही. पुढे ते परतले, संसार पुन्हा उभा राहिला. मात्र बाळाबाईंनी स्वतःची हकिकत लिहिली असती, तर ती मी आधी वाचली असती.

मग पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सभासद झाले. हे ग्रंथालय 1832पासूनचं.

सध्या फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' चाललंय, बायबलमधली कथा ओव्यांत सांगणारं. 1579 साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघाचा धर्मप्रचारक) मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचतो आणि 1616 साली गोव्यातल्याच राशोलला त्या रोमन लिपीत छापून निघतात. मनातल्या मनात वाचून ते पुढे सरकेना, म्हणून रात्रीची जेवणं आटपली की मोठ्याने वाचते. आई ऐकते. जन्मभर ज्ञानेश्वरीची पारायणं केलेली बाई. तिसऱ्या चरणाचं यमक माझ्याआधी तिच्या ओठांवर येतं, आणि शेवटच्या आखूड चरणावर दोघीही थांबतो. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. तिथे आई हमखास म्हणते, "परत एकदा वाच गो."

ग्रंथाचे दोन भाग, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण; आम्ही अजून पहिल्यातच आहोत. येशूचा जन्म दुसऱ्यात. नाताळपर्यंत तिथे पोचायचं, असं आईनेच ठरवलंय.