आमची वाटचाल : कारखान्याची माहिती कारखान्याच्याच हाती

भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांना इंट्रानेट, म्हणजे कारखान्यापुरते अंतर्गत संकेतस्थळ, उभारून देणारी आमची फर्म आज स्थिरावली आहे. मात्र ती कोणत्या संकटातून तरली, हे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आम्ही सुरुवातीपासून डोकुविकी निवडले; हे विकी, म्हणजे अनेकांना ब्राउझरमध्येच माहितीची पाने लिहिता-बदलता येतील असे साधन. २००४ साली आलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साध्या मजकुराची फाइल असते, जुन्या आवृत्त्या ‘अॅटिक’ फोल्डरमध्ये आपोआप साठतात आणि विकी बंद पडले तरी ते पान नोटपॅडमध्ये उघडते. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही उत्तम आहे, परंतु विभागवार वाचनाधिकार ठरवण्यासाठी ते मुळात घडवलेलेच नाही, आणि कारखान्यात दरपत्रक सर्वांना दाखवून चालत नाही.

अशातच एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या ग्राहकांना पहिले वर्ष विनामूल्य देऊ केले. ‘टेक्स्ट फाइलींवर कुठे कंपनी चालते का?’ हा त्यांचा प्रचार. बहुतेकांनी आमचे देखभालीचे करार पुढे चालू ठेवले नाहीत. पगार थकू नयेत म्हणून माझ्या भागीदाराने स्वतःची मुदतठेव मोडली. दुसऱ्या वर्षी त्या कंपनीने माणशी दर लावला आणि सोडून जाणाऱ्यांच्या हाती केवळ पीडीएफ ठेवल्या; त्यांत जुन्या आवृत्त्या नव्हत्या आणि कोणी काय बदलले याची नोंदही नव्हती. काही ग्राहक परतले, पण आमच्या झालेल्या बदनामीबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही, हा सल अजून गेलेला नाही.

फिक्श्चर (यंत्रावर काम घट्ट धरून ठेवणारे साधन) बनवणारे भोसरीचे आमचे एक ग्राहक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते मात्र जागचे हलले नाहीत. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या ऑडिटमध्ये बोअरिंग मशीनच्या कार्यसूचनेची आधीची आवृत्ती मागितली गेली, तेव्हा त्यांच्या सुपरवायझरने शॉपमधल्या तेलकट कीबोर्डवरूनच दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी उघडून टॉलरन्सची (मापातील चालण्याजोग्या फरकाची) बदललेली ओळ दाखवली. दादांनी त्याच संध्याकाळी फोन करून पुढचा करार आगाऊ रकमेसह पक्का केला.

नव्याने इंट्रानेट बसवणाऱ्यांनी जुन्या फाँटमधील मराठी सूचना आधी युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतात आणाव्यात, अन्यथा शोधपेटीत ‘कूलंट’ लिहून काहीही सापडणार नाही. अधिकार विभागवार गटांना द्यावेत, म्हणजे कोणी नोकरी सोडली तरी घडी विस्कटत नाही. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहावा. आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून काही पाने संपूर्ण इतिहासासह बाहेर काढून मागावीत. तो टाळाटाळ करू लागला, तर करारावर सही करू नये.