भरवणाऱ्या माणसाने आत बसावं

नातू अडीच वर्षांचा झाला तरी मिक्सरमधून काढलेल्या वरणभाताशिवाय काही खात नव्हता. भाताचं एक शीत जरी आख्खं राहिलं तरी त्याला उमासा यायचा आणि सगळं बाहेर. बोलणंही मोजून चार शब्दांचं. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे भांडुपच्या घरात दिवसभर तो आणि मी. नातेवाइकांचं म्हणणं ठरलेलं: मुलगे उशिराच बोलतात, भूक लागली की खाईल. बालरोगतज्ज्ञांनी मात्र स्पष्ट सांगितलं, वाट बघू नका, आधी कान तपासा.

मूल ऐकून ऐकून बोलायला शिकतं. थोडं जरी कमी ऐकू येत असलं तरी बोलणं अडतं. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत आम्ही त्याची बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे पाहणारी, तपासणी करून घेतली. ती मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायचं आणि वाटेत डोळा लागू द्यायचा नाही. दादरला गाडी बदलताना तो पेंगायला लागला, तर सुनेने त्याला अख्ख्या पुलावरून गाणी म्हणत चालवत नेलं. कान उत्तम निघाले.

मग थेरपी. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं, खेळ, खाणं मुलाला जमावं म्हणून दिलेले उपचार. त्या खोलीत झोपाळा, मोठे बॉल, गाद्या, डाळीने भरलेलं घमेलं. मी विचारलं, याच्या जेवणाचा आणि या डाळीचा काय संबंध? मॅडम म्हणाल्या, "आजी, हाताला पीठ लागलं की हा रडतो ना? मग तसलाच चिकट घास तोंडात कसा ठेवू देईल?" हे मला लख्ख पटलं. तेव्हापासून पोळ्या करताना कणकेचा एक गोळा त्याचा. आधी एका बोटाने टोचायचा, आता दोन्ही हातांनी तिंबतो.

फीडिंग थेरपीत, म्हणजे चावायला-खायला शिकवतात तिथे, पहिल्या दिवशी घास भरवलाच नाही. आधी बसणं दुरुस्त केलं. मी त्याला मांडीवर आडवा घेऊन भरवायची. मॅडमनी त्याला छोट्या खुर्चीत ताठ बसवलं, लोंबणाऱ्या पायांखाली पाट सरकवला. अंग सावरण्यातच ताकद गेली, तर जबड्याला आणि जिभेला काम करायला उरत नाही. नंतर तूप लावलेल्या मऊ पोळीची बोटाएवढी गुंडाळी केली आणि तिचं टोक जिभेवर न ठेवता गालाच्या बाजूला, दाढेवर ठेवलं. दुसरं टोक हातात धरलेलंच. जीभ हळूच त्या बाजूला वळली, जबडा दोनदा हलला. चावणं म्हणजे घास जिभेने दाढेकडे नेणं, आणि नेमकं तेच त्याला येत नव्हतं. पातळ खाणं नुसतं मागे ढकलून गिळलं की झालं. तो हट्टी नव्हता. हे कळल्यावर माझा जीव किती हलका झाला!

खेळणी दाखवून, मोबाईल लावून घास कोंबणं तिथे बंद झालं. नवीन पदार्थ ताटात नुसता असू द्यायचा. तो हात लावेल, वास घेईल, ओठाला लावेल, थुंकेलही. थुंकणं चालतं. मात्र पाणी पिताना वारंवार ठसका लागणं, खाल्ल्यावर आवाज घरघरीत होणं, वजन न वाढणं, यांसाठी आधी डॉक्टर.

स्पीच थेरपीत मला सर्वांत अवघड गेलं ते गप्प बसणं. केळं आणि बिस्किट दोन्ही समोर धरायचं, "काय हवं?" विचारायचं आणि थांबायचं. माझ्या ओठांवर उत्तर तयार असायचं. शेजारणीने सुचवलं होतं, शाळा इंग्रजी आहे तर घरीही इंग्रजीच बोला. मॅडमनी ते साफ खोडून काढलं: घरात जी भाषा मनापासून बोलता तीच बोला, दोन भाषांनी मूल मागे पडत नाही.

याआधी आम्ही एका सेंटरला जात होतो. तिथे पालकांना बाहेर बसवायचे आणि शेवटी "छान झालं" एवढंच सांगायचे. आम्ही ते सोडलं. आठवड्यातला पाऊण तास त्यांचा, पण रोजची जेवणं माझ्या हातची. घरी जो भरवतो त्याला आत घेतलंच पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन. स्पीच थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्य कौन्सिलची नोंदणी बिनधास्त विचारा. फी झेपत नसेल तर मुंबईच्या केईएम, नायर, सायन या सार्वजनिक रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. केईएममध्ये कमला निंबकरांनी या विषयाचं शिक्षण १९५० मध्येच सुरू केलं.

आता तो मऊ पोळी, उकडलेला बटाटा, इडली चावून खातो. भाकरी अजून नाही. "आजी, अजून" असे दोन शब्द जोडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घरचा डबा न्यावा: मूल आवडीने खातं तो एक पदार्थ, अजिबात घेत नाही तो एक, आणि त्याचा नेहमीचा चमचा.