छ २२ सवाल म्हणजे नक्की कधी? तारीखवहीतली नवी पानं

या वेळची नोंद फक्त पेशवेकालीन मोडी पत्रांवरच्या मित्यांची, म्हणजे तारखांची. ‘छ २२ सवाल’ म्हणजे सवाल (शव्वाल) या मुसलमानी महिन्याचा बाविसावा चंद्र. ‘या पत्राला जोड (त्याच घटनेचा दुसरा कागद) कुठे सापडेल?’ अशी विचारणा अडते ती बहुतेकदा एकाच जागी. पत्राची मिती इसवी तारखेत नीट बसवलेली नसते. वर्ष चुकलं की पेशवे दफ्तरातला रुमालही (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) हाती येत नाही आणि मुंबईकर इंग्रजांची डायरीही. म्हणून आधी मिती, मग शोध.

सुहूर सनापासून सुरुवात. हा मृग नक्षत्राला बदलणारा सन पत्रांत अरबी शब्दांत लिहिलेला असतो. शब्दांचा क्रम एकं, दहं, शतक, सहस्र असा असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सन ११६१. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. मृग तेव्हा नव्या इंग्रजी पंचांगाने जूनच्या पहिल्या आठवड्यात, ३-४ तारखेच्या आसपास लागे. आजच्या ७-८ जूनवर हिशेब केला की काठावरची पत्रं भलत्या सनात जातात.

वाचनातली ठरलेली गल्लत एककं आणि दशकं यांची. सबा ७, सबैन ७०. समान ८, समानीन ८०. तिसा ९, तिसैन ९०. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं, अनुस्वार असेलच असं नाही. त्यामुळे ‘सबा सबैन मया व अलफ’ (११७७) वाचताना एक शब्द दोनदा लिहिला गेलाय असं समजून कुणीतरी तो गाळतो. तसं करू नका. उलट गंमत सन १२००ची. तिथे नुसतं ‘मयातैन व अलफ’ (दोनशे आणि हजार) असतं. काही राहिलंय असं वाटतं, पण राहिलेलं काही नसतं. नाना फडणवीस वारले (१३ मार्च १८००) ते याच सनात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. पत्रात महिना मुसलमानी (रजब, साबान, सवाल) आणि त्याखाली सन ११६१. हे पाहून कुणी तो आकडा थेट हिजरी कन्व्हर्टरमध्ये टाकतं. हिजरी ११६१ म्हणजे १७४८! सुहूर सन सौर आहे, हिजरी चांद्र. दोघांचा आकडा चौदाव्या शतकात एक होता, पण पानिपतापर्यंत तेरा वर्षांचं अंतर पडलं. आणि १७४८ हे उत्तर अंगावर येत नाही, कारण नानासाहेब तेव्हाही पेशवे होते. म्हणून चूक वर्षानुवर्षं टिकते. सुहूर ११६१ मधला महिना हिजरी ११७३ किंवा ११७४ चा असतो.

पडताळ्यासाठी पानिपतचा दिवस घ्या: पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१, आणि छ ६ जमादिलाखर. ‘छ’ म्हणजे चंद्र, चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस. शुद्ध पक्षात तिथीतून एक-दोन वजा केले की चंद्र येतो. वद्यात तिथीत तेरा-चौदा मिळवायचे, म्हणजे वद्य ५ ला चंद्र १८ किंवा १९. पत्रात तिथी आणि चंद्र दोन्ही असतील आणि हा मेळ तीन-चार दिवसांनी हुकत असेल, तर जंत्रीला (तारखा जुळवायच्या छापील कोष्टकाला) दोष देण्याआधी आकडा पुन्हा वाचा. मोडीतले ५ आणि ६ फार छळतात. एका दिवसाचा फरक मात्र सोडून द्या, चंद्र कुणाला कधी दिसला यावर तो अवलंबून असतो.

आता शीर्षकातला प्रश्न. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, चांद्र ३५४ चं. त्यामुळे प्रत्येक सुहूर सनात सुमारे अकरा चंद्र दोनदा येतात, एकदा सनाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. सन ११६१ लागला तेव्हा सवालचा अठरावा चंद्र होता, संपला तेव्हा पुढच्या सवालचा अठ्ठाविसावा. म्हणजे ‘छ २२ सवाल, इहिदे सितैन’ ही मिती ८ जून १७६० ही असू शकते आणि २८ मे १७६१ ही. मधे पानिपत! पत्रात भाऊसाहेबांचं (सदाशिवरावभाऊंचं) नाव आहे म्हणून १७६० धरणं धोक्याचं, कारण त्यांच्याबद्दलच्या वावड्या लढाईनंतरही थांबल्या नव्हत्या. पक्का पुरावा पाठीवर मिळतो. तिथे ‘पै॥’ (पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची मिती) असते. पोच ‘इसन्ने सितैन’मध्ये, म्हणजे नव्या सनात असेल, तर पत्र मे १७६१ चं असण्याकडे कल जातो. पोच त्याच सनातली आणि महिना जिलकाद (सवालनंतरचा) किंवा पुढचा असेल, तर जून १७६० नक्की, कारण सन ११६१ पुढच्या जिलकादआधीच संपतो. आपल्या तारीखवहीत आता प्रत्येक सनासमोर हे दुबार चंद्र वेगळ्या रकान्यात लिहायला घेतले आहेत.

जंत्र्यांबद्दल थोडक्यात. मोडकांची जंत्री १७२८ ते १८८९ पर्यंत चालते. स्वामिकन्नू पिल्लै यांची १७९९ ला संपते, त्यामुळे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीच्या बहुतेक भागाला तिचा उपयोग नाही. फसली (महसुली) सन दिसला तर त्याचा आकडा म्हणजे सुहूर अधिक नऊ.

बाहेरच्या साधनांशी सांगड घालताना १७५२ लक्षात ठेवा. त्या वर्षी इंग्रजांनी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला. त्याआधीच्या मुंबईच्या कागदांत तारखा अकरा दिवस मागे, आणि वर्षही २५ मार्चला बदलणारं. फेब्रुवारी १७३८ असं दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १७३९ असतं. पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नव्या पंचांगावर. वसईचा ताबा मराठी पुस्तकांत १२ मे १७३९, पोर्तुगीज कागदांत २३ मे, दिवस एकच. पणजीच्या पुराभिलेखात १२ मेचा कागद मागितला तर ताब्याआधीचा, वेढा चालू असतानाचा कागद हाती येईल.

राजस्थानी कागदांत वद्य पक्षाचा महिना एकाने पुढे असतो, कारण तिथे महिना पौर्णिमेला संपतो. आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन वद्य. शुद्ध पक्षात फरक नाही.

मदत मागताना पुढचं जरूर द्या. पानाची पाठपोट दोन्ही छायाचित्रं, कडा न कापता. पै॥ आणि कधीकधी धन्याचं नाव पाठीवरच असतं. हातकागद पातळ असेल तर मागची शाई पुढे उमटते, म्हणून फोटोआधी मागे काळा जाड कागद ठेवा. फिकट शाईला उजेड समोरून नको, बाजूने तिरपा हवा. दफ्तराचा विभाग (रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, घडणी, चिटणिसी जे असेल ते) आणि रुमालाचा क्रमांक. मितीची ओळ मोडीत जशी आहे तशी, मग तुमचं वाचन, मग रूपांतर, अशा तीन वेगळ्या ओळी. नुसतं ‘२८ मे १७६१’ पाठवलंत तर चूक वाचनात आहे की गणितात, हे कुणालाच सांगता येत नाही.

पेशव्यांचा मुक्काम हवा असेल तर पत्रांच्या आधी रोजकीर्द बघा. खर्चाची बाब रोज पडते, पत्र रोज लिहिलं जात नाही. १७८६ नंतरच्या घटनांना पुण्याच्या रेसिडेंटचा (पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलाचा) पत्रव्यवहार जोडून पाहावा, पहिला रेसिडेंट मॅलेट याच्यापासून तो सलग आहे आणि तारीख इंग्रजी असल्याने डोकेफोड नाही. इनाम कमिशनच्या (इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या) कैफियतींतल्या सनदांच्या नकला मात्र जपून घ्या. नकलाकाराने अरबी शब्द ऐकीव लिहिलेले असतात, ‘सबैन’चं ‘तिसैन’ झालं की वीस वर्षं उडाली.

वहीत उरलेलं काम: ११४० ते ११६० या सनांचे दुबार चंद्र. पिल्लैंच्या जंत्रीवरून कुणी घेतले तर मोडकांशी ताडून मगच लिहा, आणि मृगाची तारीख कोणती धरली ते शेजारी नोंदवा.