पहिल्या पानावर तीनच प्रश्न

आज दिवसभर एकाच स्क्रीनवर काथ्याकूट. अंत्यविधीचं नियोजन आणि स्मृतिपान (गेलेल्या व्यक्तीच्या आठवणींचं ऑनलाइन पान) एकाच सेवेत द्यायचं, तर पहिल्या पानावर विचारायचं काय? 14 रकाने होते, उरले 3: गेलेल्या व्यक्तीचं नाव, पार्थिव आत्ता कुठे आहे, फोन कोणाला करायचा. फोटो, आठवणी, जीवनपट सगळं नंतर. हा फॉर्म माणूस रात्री जागून, मोबाइलवर, मध्येच येणारे फोन घेत भरतो. म्हणून प्रत्येक रकाना आपोआप सेव्ह व्हायला हवा आणि अर्धवट फॉर्मची लिंक भावाला किंवा मुलीला पाठवता यायला हवी.

नाव एकदा चुकलं की तीच चूक निरोपाच्या संदेशात, कार्यक्रमपत्रिकेत, स्मृतिपानावर, सगळीकडे जाते. त्यामुळे पाठवण्याआधी फक्त नाव आणि तारखा मोठ्या अक्षरांत दाखवायच्या.

‘अभिनंदन! नोंदणी यशस्वी’ हा तयार टेम्प्लेटमधला मजकूर शोधून शोधून काढावा लागतो. (हिरवी टिकही नको.) गेलेल्या व्यक्तीच्या वाढदिवसाची आपोआप जाणारी सूचना तर मुळातच बंद ठेवायची, हवी असेल तो सुरू करेल.

खरी भांडणं होतात स्मृतिपानाच्या ताब्यावरून. पान एकाच्याच हाती असलं की एखादा फोटो गायब होतो आणि घरात अबोला. दोन व्यवस्थापक ठेवा, काढलेलं 30 दिवस परत आणता येऊ द्या. फेसबुकवर वारस-संपर्क (आपल्यामागे आपलं खातं सांभाळणारा माणूस) नेमता येतो, पण त्याला खासगी मेसेज वाचता येत नाहीत. ही मर्यादा आपणही पाळायची.