नाराला अर्धा दिवस पुरेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ओसाकात राहायला आल्यापासून पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून जपानला निघालेल्यांचे फोन येतात. सगळा बेत ऐकवून झाला की शेवटी हा प्रश्न ठरलेला: "नारा सकाळी उरकून दुपारी क्योतो गाठता येईल ना?" येईल की. गाडी पाऊण तासात पोचवते. हरणांना चारायचं, मोठ्या बुद्धापुढे फोटो काढायचा आणि सुटायचं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. दुसऱ्यांदा आत्याला घेऊन गेले आणि अंधार पडेपर्यंत निघालोच नाही. तेव्हापासून माझं उत्तर बदललंय.

ओसाकातल्या नाम्बाहून किन्तेत्सु रेल्वेची गाडी घ्या आणि नाराचं स्टेशन यायच्या जरा आधी मोबाइल खाली ठेवा. रूळ जुन्या राजवाड्याच्या आवारातूनच जातात. डावीकडे माळावर दरबाराची इमारत, उजवीकडे सुझाकु दरवाजा. दोन्ही नवीन बांधलेले. दरवाजा १९९८ चा, दरबार २०१० चा. जपानची राजधानी इथे ७१० साली आली आणि ७८४ मध्ये हलली. जेमतेम चौऱ्याहत्तर वर्षं. दरबार गेला, वाड्याच्या जागी भातशेती आली, आणि मागे राहिली ती देवळं. राजधानीचा रुबाब शोधायला जाल तर नारा तुम्हाला सुस्त वाटेल. मला ती सुस्तीच आवडते.

स्टेशनबाहेरच्या कारंज्यात एका भिक्षूचा पुतळा आहे. लोक त्याच्याखाली एकमेकांची वाट बघतात, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो ग्योकी. त्याला लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हरणांबद्दल मी फार बोलणार नाही, त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. हजाराच्या वर आहेत, कासुगा देवळाच्या देवाचे दूत मानले जातात, आणि त्यांना मान लववून नमस्कार करण्याची सवय लागली आहे. हरणाला जपानीत 'शिका' म्हणतात. बिस्किटांच्या टपरीवर ते 'शिका सेन्बेई' असं मी मोठ्यानं वाचलं, तर आत्या म्हणाली, "कोणाला सांगतेयस? निवृत्त झाले मी." शाळेत छत्तीस वर्षं शिकवलंय तिनं. बिस्किटं संपली तेव्हा एका शिकानं तिची ओढणी तोंडात धरली आणि दुसऱ्यानं माझ्या हातातल्या नकाशाचा कोपरा खाल्ला. एवढं पुरे.

तोदाइ-जीच्या, म्हणजे मोठ्या बुद्धाच्या देवळाच्या, दक्षिण दरवाज्यात मात्र थांबा. दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल आहेत. १२०३ साली उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी ते ६९ दिवसांत उभे केले. एकाचं तोंड उघडं, 'अ' म्हणणारं; दुसऱ्याचं मिटलेलं, 'हूं' म्हणणारं. अक्षरं संस्कृतातली. समोरून शाळेच्या सहली जातात, पोरं वर बघतही नाहीत.

मग बुद्ध. ७३५ ते ७३७ मध्ये जपानभर देवीची साथ पसरली होती, माणसं फार मेली. शोमु सम्राटानं ७४३ मध्ये ही मूर्ती घडवायचा हुकूम काढला. कांस्याचा, पंधरा मीटर उंच वैरोचन बुद्ध. त्यासाठी गावोगाव हिंडून लोकांना हाताशी धरणारा माणूस म्हणजे कारंज्यातला ग्योकी. आज दिसतं ते सगळं तेव्हाचं नाही. देऊळ ११८० मध्ये जळलं, १५६७ मध्ये पुन्हा जळलं, मूर्तीचंही बरंच नुकसान झालं. आत्ताची इमारत १७०९ ची, सत्तावन्न मीटर रुंद, आणि ही म्हणे लहान केलेली! मूळची त्याहून बरीच रुंद होती.

पण मी जी गोष्ट सांगायला बसले ती ७५२ सालची. मूर्तीचे डोळे उघडायचा विधी होता आणि तो करायला बसला बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू. चीनमार्गे तो ७३६ मध्ये नानिवाच्या बंदरात, म्हणजे आजच्या ओसाकात उतरला, आणि त्याला घ्यायला बंदरावर ग्योकी गेला होता. (ओसाकात आले तेव्हा मला घ्यायला कंपनीचा एक शिकाऊ मुलगा आला होता, नावाची पाटी उलटी धरून.) बोधिसेनानं मोठ्या कुंचल्यानं बुद्धाची बुबुळं रेखली. त्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि खाली जमलेल्यांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे रेखताना सगळ्यांचाच हात लागला. ग्योकी मात्र ते बघायला नव्हता, तीन वर्षं आधीच गेला होता.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिचं माहेर, म्हणजे माझं आजोळ नव्हे, आमचंच घर, पेणजवळचं. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, तो बसला की बाकीचे आवाज बंद करतात, हे तिनं लहानपणी पाहिलेलं. "दोर काय सुंदर सुचलाय," एवढंच म्हणाली.

तो कुंचला आणि निळा दोर अजून आहेत, देवळामागच्या शोसोइन या लाकडी कोठारातल्या वस्तूंमध्ये. ११८५ मध्ये दुरुस्त मूर्तीचे डोळे पुन्हा उघडले तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावानं तोच कुंचला वापरला. कोठारातल्या थोड्या वस्तू दर शरदात नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. तुमची ट्रिप ऑक्टोबर-नोव्हेंबरची असेल तर त्या तारखा आधी बघा आणि मगच विमानाचं तिकीट काढा. आम्ही एप्रिलअखेर गेलो होतो, आमचं हुकलं.

बाहेर पडताना दाराच्या बाजूला ओसरीवर लाल टोपडं घातलेला एक लाकडी म्हातारा बसलेला असतो. बिन्झुरु. आपला जो अवयव दुखतो तो त्याचा चोळायचा, मग आपला. हा पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य. लोकांपुढे सिद्धीचे चमत्कार करून दाखवले म्हणून बुद्ध त्याला रागावले, आणि म्हणून जपानात तो गाभाऱ्याबाहेर बसतो. आत्याचं लक्ष फक्त नावाकडे. "भारद्वाज? अगं, हे तर माझं माहेरचं गोत्र!" मग तिनं त्याचे दोन्ही गुडघे असे चोळले की मागच्या रांगेतल्या आजीबाई हसायला लागल्या.

जेवणाबद्दल थोडक्यात. नाराची खासियत चहात शिजवलेली पेज, चागायु. आजाऱ्याचं जेवण वाटतं, पण उन्हातून आल्यावर उत्तम लागते. सोबतचं तपकिरी लोणचं म्हणजे नाराझुके, साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यात मुरवलेलं. आत्यानं तीन फोडी खाल्ल्या आणि मग वास कसला येतोय म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिनं चौथी घेतली.

दुपारी जुन्या नारामाचीच्या गल्ल्या फिरलो. घराघराच्या वळचणीला लाल कापडी माकडं टांगलेली असतात, घरच्यांवरचं संकट अंगावर घेणारी. साडेचारनंतर दिवसभराच्या सहली बसमध्ये चढतात आणि नारा बदलतं. तुमचा क्योतोचा बेत नेमका हाच वेळ खातो. आम्ही उलट वर चढलो, टेकडीवरच्या निगात्सु-दो या देवळाला. तिथल्या सज्जाला तिकीट नाही की दार बंद व्हायची वेळ नाही. पश्चिमेला सगळं शहर पसरलेलं, मध्ये बुद्धाच्या देवळाचं छप्पर, आणि त्याच्या टोकांवरची सोनेरी शिंगं सर्वांत शेवटी विझतात. आत्या बाकावर बसून गुडघे चोळत होती. खाली दगडी दिव्यांमधून हरणं एकामागून एक चालली होती, कुणी बिस्किटं धरलेली नसताना.

"तो भारद्वाज," ती म्हणाली, "रात्रीही बाहेरच बसतो का गं?"

"बाहेरच."

"पाऊस आला तर?"

"ओसरी आहे ना, आत्या."